साहेबांचं तेवढं एक कलम सोडून

२ जून, सोमवार
पक्षाने फुकट वाटलेल्या डायरीत आजपासून लिहिणार. पहिल्याच पानावर साहेबांचा फोटो, म्हणजे खोटं लिहिण्याची सोय नाही. संकल्प: पहाटे जप, चहा एकदाच, राजकारणावरून यांच्याशी वाद नाही.
वाद झाला. हे म्हणाले, तुझे साहेब बाहेरच्यांना हाकलणार, मग आईची कूस कोण बदलणार? म्हटलं, आपली बाई बाहेरची कशी? ती तर दिवसभर घरातच असते.

४ जून
टीव्हीवर साहेब. कागद नसतील ते सगळे महिनाअखेर सीमेपलीकडे. मी टाळ्या वाजवल्या. बाई मागे सासूबाईंचं भांडं घेऊन उभी. विचारते, वहिनी, यात मी येते का? म्हटलं, छे, तू अपवाद. म्हणाली, अपवादाला कागद लागत नाहीत? म्हटलं, भांडं आधी रिकामं कर.

५ जून
सासूबाईंचे पाय गेल्यापासून बाईचाच आधार. तिने उचललं तर हूं की चूं नाही. मी नुसत्या बाह्या सरसावल्या तरी देवाचा धावा सुरू. बाई कागदांअभावी जास्त पगार मागत नाही, हे मी मनातसुद्धा आणत नाही.
साहेबांचं बाकी सगळं पटतं. रस्ते, शिस्त, आवाज. हे एवढं कलम कुणीतरी त्यांच्या कानात भरलेलं दिसतं. आपल्या माणसाने नाही सांगायचं तर कुणी?

९ जून
पक्षाचं इथलं सगळं बघतात ते वॉर्डाचे भाऊ. त्यांच्या ऑफिसात चालत गेले. बसभाडं वाचलं, चप्पल तुटली. म्हटलं, भाऊ, धोरण उत्तम, फक्त आमच्या बाईला वगळा. मग तिचं नाव, गाव, कागद नसल्याचं, सगळं सांगितलं. फुलासारखं उचलते, शिव्या खाऊन हसते, हेही. भाऊ दोनदा म्हणाले, असं? चहा पाजला. (तो एकदाच्या चहात धरलेला नाही.)
हे म्हणाले, तिचा पत्ता तू स्वतः देऊन आलीस? पुरुषांना राजकारण कळत नाही.

१२ जून
भाऊ जातीने घरी. बाईने सासूबाईंची कूस बदलली ती दारातून नीट पाहिली. म्हणाले, काकू, वरपर्यंत बोललोय, काम झालं समजा. साहेबांच्या फोटोला फूल वाहिलं. यांना जास्तीचा चहा दिला, टोमण्यासकट.

१६ जून
बाईला परवाना मिळाला. शिक्का केवढा तरी. साखर वाटली, चिमूटभर. गोड लागल्याशी कारण.

१७ जून
बाई आली नाही. शिक्क्याचा आनंद असेल.

१८ जून
बाई निरोप घ्यायला आली. भाऊंच्या आईही अंथरुणाला खिळलेल्या. आता ती तिकडे. पगार दुप्पट, रविवारी सुट्टी. म्हटलं, अगं, माझ्यामुळे कागद झाले ना तुझे? म्हणाली, हो वहिनी, म्हणून तर जाता येतंय. सासूबाईंचे केस विंचरून गेली.
भाऊंना फोन केला. म्हणाले, काकू, तुमचा शब्द खरा. फुलासारखं उचलते.

२० जून
साहेबांवर राग नाही. एवढ्या वरून वॉर्डातलं काय दिसणार? जप राहिला. मी आणि यांनी मिळून कूस बदलली. चादर फाटली, यांची कंबर धरली. सासूबाईंनी विचारलं, ती पोरगी कुठाय? म्हटलं, तिचे कागद झाले.
भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, मग माझेही काढ.