शुक्रवारचा खराटा

लालबाग, मुंबई
ता. १४ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप अप्पांच्या चरणी,
कमलचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी आणि सोनूमावशी सुखरूप आहोत. मावशीचा निरोप, की कोकमाच्या आगळाच्या बाटलीला बूच घट्ट बसवून पाठवा. मागच्या खेपेला निम्मं आगळ एसटीच प्यायली.

ठाकूरद्वारच्या मिशनच्या शाळेत लागून मला महिना झाला. एक गोष्ट मी तुम्हांला कळवली नव्हती आणि त्यामुळे जेवण गोड लागत नाही. आमच्या शाळेत झाडूवाला नाही. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मुली वर्ग, अंगण आणि संडाससुद्धा धुतात, आणि वर्गाच्या बाईंनी सगळ्यांत पुढे राहायचं. आमच्या मोठ्या बाई, ओहोळबाई, यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की येशूने शिष्यांचे पाय धुतले ते काम नोकराचं होतं. जो शिकवतो त्याने ते आधी हातात घ्यावं, नाहीतर पुस्तकातलं पुस्तकातच राहतं. ऐकताना मला पटलं. खराटा हातात आल्यावर नाही पटलं. त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा आंघोळ केली आणि मावशीला खडूची धूळ म्हणून सांगितलं. तुम्हांला बाहेरून कळण्यापेक्षा मीच लिहिलेलं बरं.

दुसरी बोच वेगळीच आहे. सातवीत सुभद्रा म्हणून मुलगी आहे. तिचे वडील तुमच्यासारखेच मिलच्या संपात घरी बसले. आई शिवाजी पार्कला लोकांची भांडी घासते आणि सकाळी ही तिच्याबरोबर जाते. म्हणून मी तिला शुक्रवारी वर्गात वाचत बसायला सांगितलं. ओहोळबाईंनी पाहिलं आणि पुढच्या वर्गाकडे गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

कळावे. रागावलात तरी लोभ कमी करू नये.

आपली,
कमल


मिठबाव
ता. १९ नोव्हेंबर १९८३

चि. कमल हिस,
अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. तुझ्या आईला वाचून दाखवताना खराट्याचा भाग गाळला. मध्येच का थांबलात म्हणून विचारीत होती; अक्षर लागत नाही म्हणालो. तुझं अक्षर मोत्यासारखं आहे हे तिला माहीत आहे, त्यामुळे ते काही खपलं नाही.

मी चौथीत शाळा सोडली आणि पुढे मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलो. तुला बी.ए. केलं ते राधाबाईचा खराटा हातात घ्यायला नव्हे. आपल्या चाळीचे संडास साफ करायला ती यायची, तेव्हा तिच्या कपात तुझी आई चहा उंचावरून ओतायची. तू पाहिलं आहेस. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही, पण जग तसं आहे. पाय धुण्याचा धर्म त्यांचा आहे, त्यांनी धुवावेत.

शामरावमामाने दादरच्या पतपेढीत तुझ्यासाठी शब्द टाकला आहे. पाच डिसेंबरला हजर व्हायचं. खुर्ची आहे, वर पंखा आहे. शाळेला राजीनामा दे. मिलचं गेट उघडलं, जुन्या लोकांची नावं घेताहेत असं कळलं. मी येत्या आठवड्यात येतो, तेव्हा बोलू.

आईचे आशीर्वाद. तब्येतीस जपावे आणि ऐकावे.

तुझा,
अप्पा


लालबाग
ता. २७ नोव्हेंबर १९८३

ती. अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही येणार म्हणून मावशीने बांगडे आणून ठेवले. दोन दिवस वाट पाहिली. आता ती म्हणते, तुमच्या वाटचे तिने खाल्ले, त्याचं पाप तुम्हांलाच. मला मात्र काळजी लागली आहे. गाडी चुकली की तब्येत बिघडली ते लगेच कळवा.

राजीनामा द्यायला ओहोळबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. कारण सांगते. मी सुभद्राला वेगळं बसवल्यापासून मुली तिला संपवाली म्हणू लागल्या. परवा शुक्रवारी तिने माझ्या हातातला खराटा सरळ काढून घेतला. मी अडवलं तर सगळ्यांदेखत म्हणाली, की बाई आठवड्यातून एकदा करतात ती प्रार्थना होते. माझी आई चार घरी रोज करते, तिचं नाव कुठल्याच प्रार्थनेत येत नाही. आणि तुम्ही मला दया म्हणून बसवलंत, म्हणजे तिचं काम घाणेरडं असं तुम्हीच ठरवलंत. अप्पा, तेरा वर्षांची मुलगी.

मी तिची माफी मागितली. तिने जराही भाव न खाता मला कोपऱ्यातला संडास नेमून दिला.

संध्याकाळी ओहोळबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांच्याकडे उत्तर असेल. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, की मुलगी खरं बोलली. वीस वर्षं त्यांनाही उत्तर सापडलं नाही, म्हणूनच त्या शुक्रवार चुकू देत नाहीत. मग मला फळ्याचं डस्टर झटकून आणायला पाठवलं.

मला शाळा सोडायची नाही. पण तुमचं मन मोडून मी मुलींना काय शिकवणार? तुमचा नकार कायम असेल तर पाच तारखेला दादरला जाईन. मामा रोज येऊन विचारतात. लवकर लिहा.

जो निर्णय द्याल तो मायेने द्यावा, एवढीच विनंती.

आपली,
कमल


मिठबाव
ता. ३० नोव्हेंबर १९८३

चि. कमल हिस,
अनेक आशीर्वाद.

गाडी चुकली नव्हती. शुक्रवारी मी मुंबईत होतो.

सकाळी मिलच्या गेटवर गेलो. साहेब म्हणाले, साचेखातं भरलं. माझ्या दोन साच्यांवर दुसरा माणूस उभा केला आहे. झाडलोटीला जागा आहे, तीही नवीन माणूस म्हणून. या मिलमधल्या बावीस वर्षांच्या नोकरीनंतर. मी तुम्हांला झाडूवाला दिसतो का, असं विचारून बाहेर पडलो. ते तोंड घेऊन सोनूकडे येववेना, म्हणून चालत ठाकूरद्वारला आलो. तुमच्या वॉचमनने हटकलं. नातीच्या प्रवेशाचं बघायला आलो म्हणालो. तो म्हणाला, जूनमध्ये या, आजोबा.

गेटातून तू दिसलीस. पदर खोचलेला होता. एक मुलगी तुला हुकूम सोडत होती, तीच सुभद्रा असणार. तू उताराच्या उलट पाणी ओतत होतीस आणि ते परत तुझ्याच पायावर येत होतं. बी.ए. झालीस तरी. मला हसू आलं. आत यावंसं वाटलं, पण आलो नाही.

परतीच्या गाडीत साहेबाला विचारलेलं माझंच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. झाडूवाला दिसतो कसा? राधाबाई आपल्याला कशी दिसत होती?

या वेळी तुझं पत्र आईला अख्खं वाचून दाखवलं, आणि आधी गाळलेलंही. तिने राधाबाई हल्ली कुठे राहते म्हणून विचारलं. मला सांगता आलं नाही. तू चाळीत चौकशी कर.

पतपेढीचं नको म्हणून शामरावला कळवलं आहे. तो रागावेल, रागावू दे. तू शाळेत राहा.

राहिलं माझं. साहेबाने आठ दिवसांत पुन्हा विचार करून या म्हणून निरोप पाठवला आहे. तू आणि तुझ्या बाई खराटा आपण होऊन उचलता. माझ्या हातचा साचा काढून घेऊन खराटा देताहेत. हे दोन्ही एकच आहे का, ते मला समजत नाही. रात्री अंथरुणात कूस बदलून बदलून थकलो. ओहोळबाईंना विचार. पण त्यांच्या आधी त्या मुलीला विचार, आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिही.

माझा लोभ आहेच. सुभद्रालाही आशीर्वाद सांगावेत.

तुझा,
अप्पा