अब्बांकडून आलेलं

नांदेड, मंगळवार, संध्याकाळ

माझा इरफान रेल्वेच्या मेडिकलमध्ये नापास झाला. लाल-हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हे आईकडून येतं. माझे डोळे तर चांगले आहेत! मग आठवलं, माझे अब्बा बाजारातून कच्चे टमाटे पिके समजून आणायचे आणि आम्ही हसायचो. म्हणजे अब्बांचं माझ्यातून इरफानला गेलं? त्याला सांगितलं तर म्हणाला, "अम्मी, तुला कुठं माहीत होतं? मी दुसरी नोकरी बघतो." मला रडूही आलं नाही. उमरीला धाकट्या बहिणीला फोन केला. तिचा फैजलही रेल्वेचाच फॉर्म भरून राहिलाय. ऐकून ती म्हणाली, "आपा, लाल शर्ट कोणता हाय, ते तो रोज मलाच विचारतो."