सगळ्यात लहान अपूर्णांक

९ जानेवारी

जिन्याजवळचं छत आलं खाली! नशीब, पोरं घरी गेली होती. इंजिनीयर येऊन बघून गेले — इमारत बंद. मोठे सर म्हणाले, आता वर्ग घरून, मोबाइलवर. ते बोलत होते आणि आम्ही सगळे मास्तर वर छताकडे बघत होतो.

फळ्यावर माझा प्रश्न तसाच राहिला. रोज जाताना एक प्रश्न मागे सोडायची माझी सवय. आजचा होता — शून्याहून मोठा, पण सगळ्यात लहान अपूर्णांक कोणता? घाईवाल्यांनी लगेच हात वर केले. एक छेद शंभर! एक छेद लाख! एक छेद कोटी! इस्त्रीवालीच्या मुलीने हात वर केला नाही, पण तिचे ओठ हलत होते. तिचं पहिलं अक्षर घशात अडकतं, मग एकेक शब्द ओढत बाहेर येतो. पोरं तिला 'मालगाडी' म्हणतात. मी थांबतो. थांबलं की उत्तर येतं, आणि बहुतेक वेळा बरोबर येतं. आज घंटा झाली. म्हटलं, "उद्या सांग."

उद्या कुठला आता!

१३ जानेवारी

संगणकाच्या मॅडमनी ॲप शिकवलं. "सर, तुम्ही फक्त प्रश्न विचारायचा. बाकी सगळं ते बघतं." प्रश्न विचारला की मुलाच्या नावाभोवती हिरवं कडं फिरतं. कडं संपायच्या आत बोलायचं. नाही बोललं तर नाव लाल, आणि पाळी पुढच्याची.

"कडं जरा सावकाश फिरवता येईल का?"

"नाही सर, वरून ठरून आलंय."

मला वरचा एकच ठाऊक आहे. त्याने तरी माझ्यामागे कधी घाई लावली नाही.

१४ जानेवारी

पहिला वर्ग. पडद्यावर चौकोनच चौकोन, निम्म्यांत नुसती छतं आणि पंखे. इस्त्रीवालीच्या मुलीची पाळी आली. कडं फिरलं. "म्—" एवढंच ऐकू आलं. लाल!

"थांब, तू बोल," म्हणेपर्यंत ॲपने पुढच्याला माइक दिलासुद्धा. कुणीतरी ओरडलं, "मालगाडी घसरली रे!" हशा. कोण ओरडलं ते मला कळलंही नाही. वर्गात असतो तर नुसतं बघितलं असतं — पुरलं असतं तेवढं.

१७ जानेवारी

ॲप माझे धडे साठवून ठेवतं. आज एक लावून ऐकला. मलाच धाप लागली! मी प्रश्न विचारतो आणि श्वास न घेता उत्तर देतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कुणी पाठीमागे लागलंय का तुमच्या?" मॅडमना फोन केला. त्या खुशीत — "सर, शांतता आपोआप कापली जाते! मुलांचा वेळ वाचतो."

गावच्या शाळेत आमचे गुरुजी प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. उत्तर चुकीचं आलं तरी चालायचं, पण आल्याशिवाय वळायचे नाहीत. शिकवणं म्हणून मी उचललं ते तेवढंच. यंत्राने नेमकं तेवढंच कापलं.

२१ जानेवारी

आजही लाल.

२४ जानेवारी

मोठ्या सरांच्या घरी गेलो. म्हटलं, या मुलीला ॲपमधून सूट द्या, मी तिला वेगळा फोन करून विचारत जाईन.

"अहो मास्तर, तुमचं ते विचारणं ॲपच्या यादीत दिसणार कसं?"

"मग तिचं नाव?"

"लाल राहिलं तर गळेल. मी काढत नाही हो, आपोआप गळतं."

माणूस वाईट नाही. चहा दिला, दारापर्यंत सोडायला आला. भांडायला कुणी सापडतच नाही!

घरी आलो तर मोबाइलवर अनोळखी नंबरचा आवाजी निरोप. लावला. काहीच नाही, नुसती घरघर. धाकटी म्हणाली, "बाबा, फसवणारे असतात असले. पुसा आधी." पुसला.

२८ जानेवारी

इस्त्रीच्या दुकानात गेलो. बाईंनी इस्त्री बाजूला ठेवून पदराला हात पुसले.

"सर, मोबाइल दिसला की ती पलंगाखाली जाऊन बसते हो. बाहेर येत नाही. पोटात दुखतं म्हणते."

आत डोकावलो. "आत्ता कुठे आहे?"

"माझ्या बहिणीकडे धाडलंय, गेल्या आठवड्यातच. तिचं शिवणकाम आहे. काजं-बटणं शिकेल. तिथे कुणी प्रश्न तरी विचारत नाही."

म्हटलं, शाळा उघडली की घेऊन या.

"कधी उघडतीये?"



"माझा नंबर आहे का तिच्याकडे?"

"तुम्हीच नाही का वहीवर लिहून दिलेला? पण ती कसली फोन करतीये, सर!" शर्टाची घडी घालता घालता म्हणाल्या, "तुमचंच नाव घेते मात्र. आमचे सर थांबतात, म्हणते."

घरी कसा आलो आठवत नाही.

२ फेब्रुवारी

नाव गळलं. हजेरी घ्यायला गेलो तर वरच्या नावाखाली सरळ खालचं नाव. मधे फटसुद्धा नाही.

सकाळी हात जोडून बसलो. शब्दच येईनात. तसाच बसून राहिलो. तो ऐकत असावा, असं धरून चाललो.

पुन्हा त्याच नंबरचा रिकामा निरोप. लावला न लावला, पुसला.

६ फेब्रुवारी

मोठ्या सरांचा फोन. "अभिनंदन, मास्तर! तुमच्या वर्गात आता एकही लाल नाही. सगळ्या शाळेत पहिले तुम्ही!"

"धन्यवाद," म्हणालो. म्हणालो खरंच! हिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही, कौतुक झालं.

९ फेब्रुवारी

इमारत दुरुस्त होणार नाही. पाडणार. वर्ग असेच चालू राहणार — "सगळ्यांना सवय झालीच आहे." लांबून बघून आलो, पत्रे ठोकलेत चहूबाजूंनी. आत फळा असेल, त्यावर प्रश्न असेल. आता विचारलाय तो भिंतींना.

तो रिकामा निरोप आजही आला. ही माणसं कंटाळत कशी नाहीत? पुसला.

देवा, मला यातलं काही जमत नाही. थांबणं तेवढं जमायचं, आणि तेच कुणाला नकोय.

१२ फेब्रुवारी

दाढी करत होतो. मोबाइल वाजला — तोच नंबर, तसाच निरोप. करंगळीने लावला आणि पडद्याला साबण लागला. मग काही केल्या तो बंद होईना की पुसला जाईना. वाजत राहिला. घरघर. शिवणयंत्राची घरघर ती! मग श्वास. बराच वेळ नुसता श्वास. मग —

"न्... न्... नसतोच, सर. कुठलाही घेतला तरी... अ... अर्धा केला की... आणखी लहान."

आधीचे सगळे मी पुसले. ॲपने नाही. मी.