पंधरा पावलांचं अंतर

४ ऑगस्ट
दत्ताची वही आज शाळेच्या मैदानावर नेली. पोरगा गेल्यापासून कपाटात होती, सूनबाईनं काढून दिली. पोरी चौदा. तीन वर्षं दत्ता त्यांना फुटबॉल शिकवत होता. मी जन्मात चेंडूला पाय लावला नाही. सुप्याकडच्या माळावर मेंढरं वळली, बस. हेडसर म्हणाले, "आबा, बारामतीच्या सामन्यापर्यंत तुमी उभं ऱ्हावा. तितं पोरी टिकल्या तर टीम ठेवू. न्हायतर कबड्डीत घालू." व्हय म्हणून बसलो.

५ ऑगस्ट
पान २. मैदानातले दगड वेचले. राहिले असतीलच एकदोन, कुणाचा गुडघा फुटला तर. बाटल्यांत माती भरून ओळीनं ठेवल्या, मधून चेंडू न्यायचा. दत्तानं लिहिलंय: डावा पाय, उजवा पाय, मान वर. मान वर कशाला, ते लिहिलं नाही. कोमल कप्तान आहे, तिनं सांगितलं. "पुढं आपली कोण हाय ते दिसावं म्हणून, आबा."

९ ऑगस्ट
पान ४. चौघी चार कोपऱ्यांत, मधे पंधरा पावलं, एकमेकींना पास. पंधरा फार वाटली. पाच केली. एवढ्या लांब एकटी पोर उभी राहिलेली बघवत नाही. माळावर एक मेंढरू कळपातून लांब गेलं की लांडगा त्याच्यावरच. चाळीस वर्षं "पांगू नका" ओरडलो, इथंही तेच तोंडातून निघतं. पोरी हसतात. "आबा, लांडगा कुठाय?" पण जवळ जवळ येतात. मग मला बरं वाटतं.

१४ ऑगस्ट
वहीत नऊच पानं लिहिलेली. दहाव्यावर नुसता आकडा, खाली रेघ. आधी बघितलंच नव्हतं.
आज पान ३ परत घेतलं.

१७ ऑगस्ट
पान ५ परत. कोमल म्हणाली, "हे तर परवाच झालं की." म्हटलं, पक्कं व्हाया पायजे. खोटं बोललो. नववं झालं की दत्ताचं सगळं संपलं.
सूनबाई भाकरी थापता थापता रोज विचारते, "आज कितवं पान?" पाचवं, म्हटलं. कालही पाचवंच सांगितलं होतं. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

२३ ऑगस्ट
इंदापूरला सरावाचा सामना. टेम्पोनं गेलो. दत्ता गेला ते वळण आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. गोलाची जाळी आणायला मीच धाडला होता त्याला. "चला की आबा बरोबर," म्हणाला होता. मी म्हटलं, ल्हान हायस का, जा एकटा.
सहा-शून्य हरलो. चेंडू जाईल तिकडं आपल्या सगळ्या पोरी एका घोळक्यात. समोरच्यांना सगळं मैदान मोकळं. कडेला एक जण म्हणाला, "टीम हाय का मेंढरं?" पोरींची चूक नाही. मी सांगितलं तेच केलं त्यांनी.
परत येताना कोमल जवळ येऊन बसली. "दत्तासर लांब उभं करायचे."
"मग सांगायचं न्हाय व्हय?"
"तुमाला भ्या वाटतं म्हणून आमी न्हाय बोललो."

२५ ऑगस्ट
पान ४. पंधरा पावलं स्वतः मोजली, चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या. पांगा म्हणवेना. हातानं दाखवलं. पांगल्या.
चेंडू पोचतो. लांबच्या पोरीपर्यंतही पोचतो.

२९ ऑगस्ट
पान ९ झालं.
सूनबाईला वही दाखवली. ती दहाच्या आकड्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमी लिवा आता."
"माझं अक्षर असलं."
"असू द्या. त्यांचं काय आता परत येतंय."

२ सप्टेंबर
उद्या बारामती. सहाला टेम्पो. दोन पोरींच्या बुटांचे तळ सुटलेत, सुतळीनं बांधले. टिकतील का.
दहाव्या पानावर अकरा गोल काढले, लांब लांब. वाकडे आले. कोमलचा गोल पार टोकाला, रेघेला लागून. आसपास कुणी नाही. दोनदा खोडून आत घेतला, दोनदा परत बाहेर काढला. कागद विरलाय तिथं.
आत्ता बाहेर आहे.