दोन डाव्या बाह्या

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच, कारण निम्मा दिवस मी आडवाच असतो, वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुझे गुडघे काय म्हणतात? चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला म्हणे. जप गं. माझी तब्येत उत्तम आहे. भाचीला सांग, तिचा वकिलीचा काळा कोट मामाच शिवणार, आणि कोर्टातल्या पहिल्या दिवसाआधी शिवणार.

तो व्हायरल ताप चार दिवसांत उतरला, हे कळवलंच होतं. त्याला आता चार महिने झाले. पाहुणा गेला, पण सामान इथेच ठेवून गेला. दुकानाच्या तीन पायऱ्या चढलो की धाप लागते. चहा नुसता गरम लागतो, चहा लागतच नाही. गिऱ्हाइकाचं माप घ्यावं, तर वहीपर्यंत पोचेस्तोवर आकडा डोक्यातून गुल! परवा हेडमास्तरांची कंबर तीनदा मोजली. चौथ्यांदा टेप काढली तेव्हा म्हणाले, "अहो, तेवढ्यात नाही वाढलो मी."

तुझी भावजय भलती चौकस. तिने दुकानातल्या कॅलेंडरवर रोज एक दोरा चिकटवायला घेतला. बरा दिवस असला की हिरवा, अंथरुणातला असला की लाल. मी म्हटलं, हा काय पोरखेळ! पण महिन्याभराने डॉक्टरीणबाईंपुढे कॅलेंडर धरलं, तर प्रत्येक हिरव्याच्या पाठोपाठ दोन-तीन लाल. (मी आपलं खापर घरमालकाच्या फेऱ्यांवर फोडत होतो. बिचारा!) बाईंनी विचारलं, हिरव्या दिवशी काय करता? मी ऐटीत सांगितलं, तुंबलेलं सगळं काम उरकतो. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बरं वाटलं म्हणून कंबर कसलीत की शरीर मग उट्टं काढतं. बऱ्या दिवशीसुद्धा वीस मिनिटं काम करायचं, मग पडायचं. बऱ्याच जणांना असं होतं, हे ढोंग नाही. हे शेवटचं ऐकून मला रडूच आलं, ताई. चार महिने मला तीच शंका खात होती.

पण वीस मिनिटांत धड कॉलर तरी होते का? तुझी भावजय दटावते, मी म्हणतो, "एवढी एक शिवण," आणि दुसऱ्या दिवशी लाल दोरा. असो. बाकी सगळं ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. : कोटासाठी तू दिलंस तेच काळं कापड पाऊण मीटर आणखी मिळालं तर बघ. सहजच.

ता. क. २ : पार्सलने नको. स्वतः घेऊन ये.

ता. क. ३ : आता खरं सांगतो. कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्यात. कापड दुहेरी घालून डावी-उजवी एकदम कापायची, हेच विसरलो, जे तू मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतंस. हिरवा दिवस होता, तीन तास कामावरून उठलो नव्हतो. तुझ्या भावजयीला अजून सांगितलं नाही. उजवी बाही आपण दोघं मिळून कापू. खडूची रेघ तुला दिसणार नाही, ती मी बघेन. मी काय विसरतो ते तू बघ. लहानपणी लाकडी फूटपट्टी उगारून मला मशीनवर बसवायचीस ना? तीच घेऊन ये, आणि वीस मिनिटं झाली की मला उठव. दुसऱ्या कुणाचं मी ऐकत नाही गं.