आवाजाचा ड्रायव्हर

शुक्रवार, संध्याकाळ. लातूर.

कॉम्प्युटर फॉरमॅट करून विंडोज नव्यानं टाकलं, तर आवाजाचा ड्रायव्हरच बसेना. ड्रायव्हरची सीडी कुठाय, विचारलं. ही म्हणाली, "कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीत टांगली न्हाई का मी?" उतरवून पुसली. उन्हानं पार गेलेली. दमलो.

लेकीच्या क्लासच्या सरांचा गणिताचा व्हिडिओ मुका. नुसते ओठ हलत होते. ती तशीच वही उघडून बसली. वीस वर्षं शाळेत हेच शिकवतोय मी, पण क्लास लागल्यापासून तिनं मला एक गणित विचारलेलं नाही. सरांचे ओठ हलतायत, फळा भरतोय. न राहवून मीच बोलू लागलो.

तिनं व्हिडिओ थांबवला. "पप्पा, पुढचं तुम्हीच सांगा ना."

तीन गणितं सांगितली. आवाज कापला का माझा? तिला कळलं असेल?