हजेरीचे तारे

प्रिय ताई,

भावोजी खाली गाडीत सामान चढवून घेताहेत. अजून तासभर लागेल म्हणाले, तेवढ्यात हे पत्र संपवून त्यांच्या हाती द्यायचं आहे. त्यांना तोंडी सांगून झालं. ते "बरं, बघू" म्हणाले, आणि त्यांचं 'बघू' किती लांबतं ते तुला वेगळं सांगायला नको. तुलाही दुपारपासून तीनदा फोन लावला. कामावर तुमचे फोन कपाटात बंद असतात हे माहीत असूनही लावला. तसंही फोनवर तू हसतेस आणि मी गप्प होते. कागदावर तरी माझं वाक्य पुरं होईल.

फार दमले आहे गं. आमच्या शाळेत घशाची साथ आली आहे. आधी पहिल्या बाकावरची एक मुलगी गिळताना मान वाकडी करायला लागली, मग तिच्या शेजारची, मग खिडकीकडची सगळी ओळ. चौतीस मुलांच्या माझ्या वर्गात शुक्रवारी सतरा उरली. दोन आठवडे मी रोज शाळा सुटल्यावर बाकं पुसते, पाण्याचे पेले उकळते, घरोघरी फोन करते. रोज तीच वाक्यं बोलून आता ती मलाच खोटी वाटायला लागली आहेत. आज सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. वाचनाच्या खोलीत एकेकाला खुर्चीवर बसवून त्यांनी 'आ' करायला लावलं, बॅटरी मारून बघितलं. लालभडक घसे, त्यावर पांढरे ठिपके. गेल्या आठवड्यात काडीने घेतलेल्या नमुन्यांचे निकालही त्यांनी आणले होते. सगळीकडे एकच जंतू, स्ट्रेप्टोकोकस. मोठ्या बाईंनी ते नाव फळ्यावर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. औषध सुरू झाल्यावर एक दिवस मूल घरी ठेवायचं आणि दहा दिवसांचं औषध दहाही दिवस द्यायचं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मग माझ्या वर्गात येऊन त्यांनी विचारलं, सगळ्यात जास्त मुलं याच वर्गातली कशी? शेजारच्या वर्गात फक्त चार आहेत. मला उत्तर माहीत होतं, ताई. ते माझ्या पाठीमागे भिंतीवर लावलेलं होतं.

तुला आपलं स्वयंपाकघरातलं टेबल आठवतं? शाळा लांब म्हणून आठव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले, आणि माझी शाळा म्हणजे तू. आई भाजी चिरायची, तू पाढे घ्यायचीस. चहाच्या पुडक्यातल्या चंदेरी कागदाचे तारे कापून तू कपाटाच्या दारावर लावायचीस, हजर दिवसाला एक. मला गालगुंड झालं तेव्हाही मी येऊन बसले होते. "तोंड सुजलंय, हात नाही सुजला, लिही," असं तू म्हणालीस, आणि आई तुला रागावली. पण त्या दिवशीचा तारा मला सगळ्यांत मोठा वाटला होता. शिक्षिका झाल्यावर मी पहिल्याच आठवड्यात वर्गात तसाच पुठ्ठा लावला. सलग तीस तारे झाले की त्या मुलाने घंटा वाजवायची. माझ्या वर्गाची हजेरी शाळेत पहिली आली. मोठ्या बाई सगळ्यांना तो पुठ्ठा दाखवायच्या आणि मी उगाच फुगायचे.

आज एका मुलाची आई मला जिन्यात गाठून म्हणाली, "बाई, सकाळी तापाचं औषध पाजून पाठवत होते. दुपारपर्यंत टिकतं. तुमचा तारा बुडला की हा घर डोक्यावर घेतो, आणि माझी रजा काही तुम्ही देणार नाही." ती भांडत नव्हती. थकली होती, माझ्यासारखीच. मग मी बाकी मुलांना विचारलं, घसा दुखत असताना कोण कोण आलं होतं? अकरा हात वर झाले. कौतुकाने वर झाले गं. त्यांना वाटलं, मी शाबासकी देणार आहे.

पुठ्ठा काढून ठेवला. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उरला आहे.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. इतका वेळ कडेकडेने चालत होते. आज जाता जाता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा चार दिवसांत दुखायचा थांबतो आणि घरचे विसरून जातात. पण औषध झालं नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मुलाचे सांधे धरतात, आज गुडघा तर परवा घोटा, दुखणं जागा बदलतं, आणि वेळेवर दाखवलं नाही तर ते हृदयाच्या झडपांवर जातं. फार थोड्यांना होतं, पण होतं. मी ऐकून घरी आले, तर दारात भावोजी. तुझी भिंगरी कशी आहे विचारलं, तर म्हणाले, लंगडतेय जरा, परवा गुडघा म्हणत होती, आज घोटा. रविवारी फोनवर तू 'वाढीचे पाय दुखतात' म्हणालीस आणि मीही 'हो' म्हणाले. तीन आठवड्यांपूर्वी मी तुमच्याकडे आले तेव्हा माझा घसा दुखत होता. वर्गात ओरडून दुखतो असं समजून मी कुणाला दाखवला नाही. दोन रात्री भिंगरी माझ्या कुशीत झोपली, माझ्याच पेल्यातून पाणी प्यायली. तिला तो जंतू माझ्याकडून लागला की तिच्या शाळेतून, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण निघताना ताऱ्यांचा पुठ्ठा मीच तिला देऊन आले होते. त्यानंतरच्या आठवड्यात तिने मला फोनवर हळूच सांगितलं होतं, "मावशी, गिळताना टोचतंय, पण आईला सांगू नको, तारा जाईल." मी हसले. तुला सांगितलं नाही. भावोजी सहापर्यंत पोचतील, दवाखाना आठपर्यंत उघडा असतो. हे पत्र डॉक्टरांना दाखव, म्हणजे घसा कधी दुखला ते त्यांना कळेल. तिला चालवू नकोस, उचलून ने. माझ्यावर रागवायला तुला जन्म पडला आहे, ताई. आधी चप्पल घाल.

तुझीच,
शेंडेफळ